ज्याचं कुलूप, त्याची किल्ली

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पालथे पडलेले होते. डोकं आणि खांदे दिवाणाखाली, बाहेर फक्त खाकी पॅंट आणि मोजे. मी भिलाईच्या वैशाली नगरातल्या त्या घरी वरची खोली बघायला गेले होते. दार उघडं, पण चौकटीत मांडीइतका उंच गुळगुळीत पत्रा आडवा बसवलेला. तो ओलांडून मी आत पाय टाकला, तोच दिवाणाखालून आवाज आला.

"मांस-मच्छी?"

"नमस्कार काका. खोली पाहाले आली."

"ते कळलं. मांस-मच्छी शिजवता का?"

"खाते. शिजवतेही."

"बाहेर खा. घरात शिजवायचं नाही. आणि पाय उचलू नका, घासत चला. खाली जीव आहेत."

खोली बघण्याआधी मी त्या घराचे दोन नियम शिकले. दुसरा मी लगेच पाळला. पहिल्याशी भांडायचं ठरवून मी खोली घेतली.

ती का घेतली, हे सांगायला हवं. त्या उन्हाळ्यात मी घरं शोधत नुसती वणवणत होते. सगळीकडे आधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकल्यावर खोली कालच गेलेली असायची. या माणसानं आडनाव विचारलं नाही, पोटाचं विचारलं. दोन्ही प्रश्न एकाच विहिरीतलं पाणी आहेत हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा कारखान्यात क्रेन चालवायचे, आणि कॅम्प-१ या कामगार वस्तीतल्या आमच्या घरात रविवारी जमिनीवर पत्रकांच्या घड्या घालायचं काम चाले. घड्या घालता घालता मी अक्षरं शिकले. 'अ' अननसाचा हे मला शाळेत कळलं. त्याआधी तो अन्यायाचा होता. बाबा निवृत्त होऊन आईसोबत भंडाऱ्याकडे परत गेले, मी कोचिंग क्लासमध्ये शिकवत इथेच राहिले. वाटलं, बाहेरून दगड मारण्यापेक्षा आत शिरून लढू.

गल्लीत त्यांना सेफ्टी काका म्हणत. खरं नाव मी लिहीत नाही. दुर्गच्या जुन्या मराठी घरातले, एकटे, कुम्हारीच्या एका रोलिंग मिलमधून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. दिवाणाखाली जे जीव होते ते दोन फेरेट. मुंगसाच्या अंगाचे, पण मुंगूस नव्हेत; लांबुळके, मऊ, गुलाबी नाकाचे, परदेशी पाळीव प्राणी. काकांचा मुलगा बंगळुरूला नोकरीत होता, त्यानं हौसेनं घेतले. मग त्याला परदेशी जायचं निघालं, तेव्हा "दोन महिने सांभाळा" म्हणून बापाकडे आणून सोडले. दोन महिने संपून बराच काळ लोटला होता. काकांनी जाड्याचं नाव ब्लूम ठेवलं होतं आणि सडपातळाचं बिलेट. मिलमध्ये पोलादाच्या जाड ठोकळ्याला ब्लूम म्हणतात, बारीक लांब तुकड्याला बिलेट. दुसरी नावं त्यांना सुचणं शक्यच नव्हतं.

मिल सुटली होती, पण सेफ्टी सुटली नव्हती. रोज सकाळी ते पिंजऱ्यासमोर ताठ उभे राहून दोघांना दिवसाचे धोके सांगत, जसे मिलमध्ये शिफ्ट सुरू होण्याआधी कामगारांना सांगत. "आज गॅस सिलिंडर येणार. दार उघडेल. ब्लूम, तू फार पुढे पुढे करतोस." ब्लूम झोपलेला असायचा. फेरेट दिवसाचा बहुतेक वेळ झोपतात आणि जागे झाले की वेड लागल्यासारखे आडवे उड्या मारत घरभर सुटतात. त्या थोड्या वेळासाठी त्या माणसानं अख्खं घर बदललं होतं. सोफा विकून टाकला, कारण त्याच्या पोटात शिरून बिलेट एकदा दबता दबता वाचला. न्हाणीच्या मोरीला जाळी. कूलरच्या मागच्या फटीला जाळी, पाण्याच्या टाकीला झाकण. रबर दिसलं की फेरेट चावून गिळतात आणि आतडं बंद होतं, म्हणून टीव्हीचा रिमोट स्टीलच्या डब्यात, आणि आल्यागेल्याच्या रबरी चपला खांद्याइतक्या उंच खिळ्यावर. माझ्याही. रोज संध्याकाळी चप्पल भिंतीवर टांगून मी वर जायचे आणि मनात चडफडायचे.

गॅसवाला घासत चालायचा. कुरिअरवाला घासत चालायचा. एकदा मी क्लासमध्ये फळ्याकडे घासत गेले आणि मुलं हसली.

"आधी भोक बुजवा, मग बोला," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. चहा पिताना, बातम्या बघताना, मुलाशी फोनवर बोलताना, नजर सारखी भिंतीच्या कडेनं फिरत असे. एका जागी दोन मिनिटं बसलेलं मी त्यांना पाहिलं नाही. मीही तशीच. एकाच जिन्यावरून आम्ही दोघं दिवसभर वरखाली करायचो, मी पत्रकांच्या मागे, ते भोकांच्या.

वॉशिंग मशीनच्या प्लगला त्यांनी एक लाल कुलूप घातलं होतं. मी विचारलं, "काका, कपडे चोरीले जातात काय?"

"मॅडम, हे मिलचं कुलूप. मशीनच्या आत माणूस उतरला की स्वतःचं कुलूप घालतो. किल्ली त्याच्याच खिशात. मग कितीही मोठा साहेब आला तरी मशीन चालू करता येत नाही. ज्याचं कुलूप, त्याची किल्ली. दुसऱ्यानं हात लावायचा नाही." मग पिंजऱ्याकडे बघत, "बिलेटला कुलूप लावता येत नाही. म्हणून त्याच्या वतीनं मी."

"अन् किल्ली?"

"त्याच्या वतीनं माझ्याकडे."

माझ्या स्वयंपाकघराचीही एक किल्ली त्यांच्याकडे होती. भांडणाचं मूळ तिथे होतं. दर रविवारी ते वर येत, गॅसची नळी तपासायला. साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघत. मी असो नसो, कुलूप उघडून येत. नळी हे कारण खरंच होतं, पण नळीवरून त्यांचं नाक हळूच ओट्याकडे, मग डब्यांकडे, मग कचऱ्याच्या बादलीकडे जायचं.

"काका, तुमी नळी पाहून राहिले का माझं पोट?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे मॅडम. आमच्या घरात तीन पिढ्यांत शिजलेलं नाही."

"आमच्या घरात तीन पिढ्या तेच शिजलं. आता कोणाच्या पिढ्या मोजायच्या?"

ते भोक सापडल्यासारखे खिडकीकडे वळत. मी चिडून एक पत्रक लिहिलं. मथळा होता: 'भाडं घेता, मग ताट का हिसकावता?' सकाळी खाली जाऊन मी ते त्यांच्या दाराखालून सरकवायला गेले तर फटच नव्हती. फेरेट जाऊ नये म्हणून लाकडी पट्टी ठोकलेली. जगातलं एवढं एकच दार मी पाहिलंय ज्याखालून पत्रक जात नाही. मी ते चपलांच्या खिळ्याला टोचलं. संध्याकाळी माझ्या चपलेखाली ते नीट घडी करून ठेवलेलं होतं, आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलेलं.

आता जेवणाचं. मुलानं फेरेटांच्या खाण्याचं एक मोठं पोतं ठेवलं होतं, मांसापासून बनवलेल्या कोरड्या गोळ्यांचं. ते संपलं. भिलाईत कुठे मिळेना. काकांनी रिकाम्या पोत्यावरचे आकडे वाचले, प्रोटीन किती ते पाहिलं, आणि सोयाबीनच्या बडीत, म्हणजे वडीत, त्याहून जास्त आहे हे त्यांना आढळलं. विषय संपला. मिलमध्ये आयुष्यभर असंच केलं होतं: ठरलेला माल नाही मिळाला, तर तेवढ्याच ताकदीचा दुसरा घ्यायचा. ते सोयाबड्या भिजवून, कुस्करून, दुधात कालवून देऊ लागले. वर गोड म्हणून केळ्याची चकती.

"काका, ह्ये मांस खाणारे जनावर आहेत ना?"

"सवयीचा प्रश्न आहे मॅडम. माणूस सवय बदलतो."

"म्हणजे माझी बदलून राहिले, आता त्यांची पण?"

ब्लूमनं सोयाबडी गादीखाली लपवायला सुरुवात केली. बिलेट खायचा, पण त्याच्या अंगावरचे केस राठ होत गेले, पोट सारखं बिघडायचं, आडव्या उड्या कमी झाल्या. काकांनी उष्णतेला दोष दिला. तो अगदीच खोटा नव्हता. आमच्याकडच्या मे महिन्याचं ऊन फेरेटांना सोसत नाही. त्यांनी कूलर इन्व्हर्टरवर घेतला. वीज गेली की दोघांपाशी कूलर चालू, आणि स्वतः बनियनवर, हातात पुठ्ठा घेऊन वारा घेत. पाण्याच्या बाटल्या बर्फ करून, टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवत. मिलच्या जुन्या खाकी पॅंटीचे पाय कापून त्यांनी झोळ्या शिवल्या होत्या. त्यातल्या एका पायात बिलेट पडून राहू लागला. बाहेरचं एकेक भोक बुजवलं होतं. आतल्या आत तो रिकामा होत होता.

अशाच एका दुपारी मी पंख्याखाली येरझारा घालत होते. एक पत्रक पूर्ण होत नव्हतं. जिन्यावर घासत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. रविवार नव्हता.

दारात काका. हातावर ओल्या टॉवेलात बिलेट, तोंडातून लाळ, मागचे पाय लोंबणारे. दुसऱ्या हातात फोन, स्पीकरवर दुर्गचे जनावरांचे डॉक्टर.

"अंकल, ये कोई गाय थोड़ी है," डॉक्टर बोलत होते. "दूध बंद, सोयाबीन बंद, केला तो भूल ही जाइए. इसको मांस चाहिए, मांस. अभी मसूड़े पे थोड़ा शहद लगाइए, होश में आए तो चिकन उबाल के, मसल के, उसी के पानी में. थोड़ी कलेजी. नमक नहीं, मसाला नहीं, प्याज-लहसुन नहीं, उबली हड्डी बिल्कुल नहीं. थोड़ा-थोड़ा, हर तीन-चार घंटे में. और शाम को लेके आइए, धूप उतरने पे."

काकांनी फोन माझ्यापुढे धरला. "तुम्ही ऐका. मला... ते नीट समजत नाही."

सगळं समजलं होतं. मी मधाची बाटली काढली, बोटानं बिलेटच्या हिरड्यांवर मध लावला. त्यानं जीभ हलवली. मग मी विचारलं, "काय आणू?"

"डॉक्टर म्हणाले ते."

"डॉक्टर खूप काही म्हणाले. तुमी सांगा."

"ते... ते जे असतं."

"नाव घ्या, काका."

त्यांनी बिलेटकडे पाहिलं. "कोंबडी."

"अन् शिजवू कुठं? इथं मनाई आहे."

"गच्चीवर चूल मांडून..."

"या उन्हात गच्चीवर? मी ओट्यावर शिजवीन. रोज शिजवते तिथंच."

मला माहीत होतं मी काय करतेय. एक मरणारं जनावर हातावर घेऊन उभ्या माणसाशी मी मुद्दा लढत होते. आणि तरी मला वाटत होतं, आज नाही तर हा माणूस कधीच बोलणार नाही. बिलेटचा पाय एकदा झटकला.

"शिजवा," ते म्हणाले.

मी चपला खिळ्यावरून ओढल्या आणि स्कूटी कॅम्प-१ च्या बाजाराकडे पळवली. कोंबडीवाला मला लहानपणापासून ओळखतो. "दीदी, सिर्फ बोनलेस और कलेजी? पार्टी है क्या?"

"मरीज़ है. जल्दी कर."

"किसके घर?"

"वेजिटेरियन के घर," मी म्हटलं, आणि तो कोयता हातात धरून हसत राहिला.

बिलेट वाचला. संध्याकाळी दुर्गला नेला, सुई दिली, आणि मग दिवसाला कित्येकदा मी त्याचं पातेलं ठेवत राहिले: कोंबडी, चिमूटभर कलेजी, कधी अंडं, पाणी. काका पहिल्यांदा वाटी चिमट्यानं उचलायचे. नंतर हातानं. ब्लूमनं गादीखालच्या सोयाबड्या स्वतःच बाहेर ढकलल्या. बिलेट आधी उभा राहिला, मग चालला, आणि एका सकाळी आडवी उडी मारून काकांच्या पायावर आपटला. ते तसेच उभे राहिले, पाय न हलवता, बराच वेळ. मग मला म्हणाले, "सेफ्टीचं काम असं असतं मॅडम. काही झालं नाही, म्हणजे काम झालं." आणि मग खाली बघत, "या वेळी झालं होतं."

पण मी काही नर्स म्हणून राहत नव्हते. बिलेटची कोंबडी आणायची तर थोडी माझ्यासाठीही आणत होते. रविवारी ते नेहमीसारखे किल्ली लावून आले. शेगडीवर दोन भांडी होती. लहान पातेल्यात बिलेटचं बिनमिठाचं. कढईत माझं, सावजी मसाल्याचं, तेल सुटलेलं.

"हे कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"आपलं जनावरापुरतं ठरलं होतं."

"ठरलं नव्हतं. तुमी फक्त 'शिजवा' म्हणले."

"मॅडम, त्याला गरज आहे. तुम्ही तर..."

"मी तर काय? मले सवय बदलता येते, हेच ना? त्याच्याबाबतीत बदलून पाहिली तुमी, काय झालं ते दिसलं. काका, तुमच्या नियमाले भोक पडलं. त्या भोकातून जनावर आत गेलं अन् भाडं देणारी बाई बाहेर राहिली. आता दोन्ही भांडी राहतील, नाही तर दोन्ही उतरतील. अन् दोन्ही उतरली तर मी पण जाते."

ते नळी न तपासता गेले. पहिल्यांदाच. मी बिलेटचं पातेलं तेवढं पायरीवर ठेवून आले आणि बॅग भरायला घेतली. खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते, पाय घासत. परत तीच घरं, तीच दारं, तेच आडनाव. आणि खाली तो मूर्ख सडपातळ प्राणी, ज्याला उद्या पुन्हा भूक लागणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालून वास आला. मला वाटलं भास. मग हाक आली, "मॅडम, शिजली हे कसं कळतं?"

मी खाली धावले. काका त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात उभे होते. डोक्यावर मिलचं हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, नाकातोंडाला मास्क, हातात कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे. एवढ्या तयारीनं माणसं तापलेल्या भट्टीपुढे उभी राहतात. समोर गॅसवर एक लहान पातेलं आणि त्यात कोंबडी. ती आणायला ते कुणालाही न सांगता स्वतः गेले होते.

"काटा घालून पाहा. सहज गेला तर झाली."

त्यांनी काटा घातला. हातमोज्यांमुळे पकड बसेना. मी हात पुढे केला तर म्हणाले, "नको. मीच." त्यांनी कोंबडी कुस्करली, गार केली, वाटीत काढली. बिलेटनं वाटी चाटून पुसून साफ केली. मग त्यांनी मास्क काढला, गॉगल काढला, हेल्मेट काढून ओट्यावर ठेवलं. ओट्याकडे बघत राहिले. तीन पिढ्या, मला वाटलं. पण त्यांच्या तोंडून निघालं ते असं: "खाली शिजलं, तर वर मनाई करायला नियम उरत नाही."

ते आत गेले आणि लाल कुलूप घेऊन आले. मिलचं. किल्ली लावलेली.

"वरच्या स्वयंपाकघराला हे लावा. किल्ली एकच आहे. माझ्याकडची जुनी ही घ्या परत."

"अन् नळी?"

त्यांचा चेहरा खरोखर पडला. ज्या माणसाला घरातलं एक भोक सहन होत नाही, त्यानं एक अख्खं स्वयंपाकघर नजरेआड करायचं कबूल केलं होतं. "नळी तुम्ही तपासा," ते म्हणाले. "ज्याचं कुलूप, त्याची..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

एका कुलपानं काही उलथत नाही, हे मी पत्रकांत वाढलेली मुलगी जाणते. त्या गल्लीतली बाकीची दारं अजून आधी आडनावच विचारतात, आणि मी त्यांच्यावर अजून लिहिते. काकांनी स्वतः कधी कोंबडी चाखली नाही. मला ती त्यांना खाऊ घालायचीही नव्हती. मला माझा ओटा हवा होता, तो मिळाला. पण दर रविवारी, मी तिथे होते तोवर, जिन्याच्या मधल्या पायरीवर घासत येणारी पावलं थांबायची.

"मॅडम, नळी तपासली?"

"हाव काका."

"कशी?"

"साबणाच्या पाण्यानं."

"बुडबुडे?"

"नाही आले."

"बरं." आणि तरी पावलं लगेच उतरायची नाहीत.

मी नागपूरला नोकरी लागून ते घर सोडलं, त्या सकाळी लाल कुलूप काढून त्यांना द्यायला खाली गेले. ते दिवाणाखाली पालथे होते, टॉर्च घेऊन. ब्लूमनं कुणाचा तरी मोजा पळवला होता. कुलूप मी हातातच धरून उभी राहिले. तेवढ्यात पत्रा ओलांडून एक मुलगी आत आली, खांद्याला बॅग, खोली बघायला. तिनं पाय उचलून टाकला, तशी मी हातानंच खूण केली, घासत. ती गोंधळून माझ्याकडे, मग दिवाणाबाहेरच्या मोज्यांकडे बघू लागली. मग हिंमत करून म्हणाली, "अंकल, पहले ही बता देती हूं. मैं नॉनवेज बनाती हूं."

दिवाणाखाली टॉर्चचा उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला.

"वो मैंने पूछा नहीं," आतून आवाज आला. "अपना खुद का ताला है क्या?"